कंदिलांची पहिली दोरी

आमच्या ह्या मच्छीमार गावात, स्केलीहेवनमध्ये, कुणी नुसतं 'काउई' अशी हाक मारली, तर अर्धं गाव वळून बघतं आणि उरलेलं अर्धं न वळताच 'काय?' म्हणतं. बंदराच्या भिंतीपासून वरच्या चर्चपर्यंत घरोघर काउईच. आता सांगा, असल्या आडनावाचा उपयोग काय? म्हणून आमच्याकडे आडनावालाही आडनाव असतं. कुणी गाजर, कुणी बदक, कुणी लॅटिन, कुणी कंदील. गाजरांचा मूळपुरुष लाल केसांचा होता. आता त्यांच्यात डोक्यावर केस असलेला माणूस शोधावा लागतो, पण गाजर ते गाजरच. लॅटिनांच्या आज्याला पाद्री व्हायचं होतं. एक हिवाळा लॅटिन शिकला, वसंतात एक शब्द घेऊन परत आला आणि जन्मभर हेरिंग मासे मारत बसला.

ही नावं टपालावर लिहितात, बोटीवरच्या माणसांच्या यादीत लिहितात, थडग्याच्या दगडावरही कोरतात. बायका लग्नानंतरही माहेरचंच नाव चालवतात. नियम एकच. हे नाव मागता येत नाही, विकत घेता येत नाही आणि आवडलं नाही म्हणून परतही करता येत नाही. गावानं ठेवलं की ठेवलं. आमचं गाव नावं ठेवण्यात पटाईत आहे, दोन्ही अर्थांनी.

मूळ आडनाव कुठून आलं म्हणाल, तर त्यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, खाली दक्षिणेला काउई नावाचं ठिकाण आहे, तिथून आपले लोक किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकले. दुसरा म्हणतो, ते जुन्या गेलिक भाषेतलं आहे, हेझलच्या झाडीशी त्याचा काही संबंध आहे. खरं काय ते देव जाणे. आमच्याकडे तर वारं असं की झाड धड उभं राहत नाही, झाडी कुठली!

उन्हाळ्यात न्यूझीलंडहून, कॅनडाहून, ऑस्ट्रेलियाहून माणसं येतात. अंगात कडक नवे रेनकोट, हातात कॅमेरा. 'आमचे पूर्वज काउई होते,' म्हणतात. बेथिया कंदील त्यांना विचारायची, 'हो, पण कुठले काउई?' मग ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. बोटीत चढताना पूर्वजांनी आडनाव तेवढं बरोबर नेलं आणि गाजर, बदक, लॅटिन सगळं धक्क्यावर विसरले. बेथिया त्यांना चहा पाजायची, बटरी नावाचे आमचे खारे पाव खायला घालायची आणि वर कंदिलांची गोष्ट सांगायची. आमच्या पणजोबांनी वादळी रात्री धक्क्यावर कंदील धरला आणि बोटींचा अख्खा ताफा सुखरूप बंदरात आणला, तेव्हापासून आम्ही कंदील. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेजारी कुणी गाववाला बसला असला, तर तो मात्र खिडकीबाहेर बघत राहायचा.

तर ह्या बेथियाचा भाऊ गिडियन मंगळवारी पहाटे गेला.

गिडियन तिच्याहून वयानं मोठा. लग्न केलं नाही. बोट हेच त्याचं लग्न. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हापासून खिडकीशी खुर्चीत बसून बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या घालणं हा त्याचा उद्योग. बेथिया विधवा, दोन घरं पलीकडे राहायची. दफन शनिवारी ठरलं आणि गुरुवारी सकाळी बेथिया स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आठ कार्डं मांडून बसली.

आमच्याकडे शवपेटीला आठ दोऱ्या असतात आणि आठ माणसं ती पेटी खाली सोडतात. कुणाला कुठली दोरी, ते घरच्यांनी ठरवायचं आणि तसं कार्ड त्याच्या हातात द्यायचं. एखाद्याला हजार पाउंड दिले तर तो विसरेल, पण दोरी दिली नाही हे नातवंडांना सांगून मरेल. पायाशी दुसरी दोरी, बाजूंना बाकीच्या. पहिली डोक्याशी. ती सर्वांत जवळच्या पुरुषाची, आणि कंदिलाचं डोकं कंदिलानंच धरायचं, गाजराचं गाजरानं. हे कुठं लिहिलेलं नाही, त्यामुळे मोडताही येत नाही.

सात कार्डं भरून झाली. पहिलं कोरं. कारण गिडियन हा शेवटचा कंदील होता. बेथियाचा मुलगा आर्ची ऑस्ट्रेलियात, पर्थला. तो बापाकडून बदक, आणि शनिवारपर्यंत पोचणंही शक्य नव्हतं. फोनवर म्हणाला, "आई, तूच धर ना. हल्ली बायका धरतात."

"धरतात रे," बेथिया म्हणाली. "पण माझा खुबा बदललेला. एका हातात काठी, एका हातात तुझा मामा. दोघंही आत जाऊ."

आणि खरं सांगायचं, तर तिला त्या कोऱ्या कार्डाकडे बघवत नव्हतं. आजोबांचं डोकं बाबांनी धरलं, बाबांचं गिडियननं. त्या वेळी बायका घरीच राहायच्या, तिनं खिडकीतून पाहिलं होतं. आता गिडियनला कंदील नसलेल्या हातानं खाली सोडायचं, ह्या एका विचारानं ती पेन उचलत होती आणि परत खाली ठेवत होती.

दार न वाजवता डॉड आला. डॉड काउई, गाजर. मामेभाऊ, शिवाय तीस वर्षं गिडियनच्या बोटीवरचा दुय्यम. टोपी काढली, टक्कल पुसलं आणि खुर्ची ओढून बसला.

"पहिली कुणाला दिलीस?"

"अजून कुणालाच नाही."

"मग दे मला. माझ्याहून जवळचं कोण आहे?"

"जवळचा आहेस, नाही कशी म्हणू. पायाशी तुलाच ठेवलंय. पण डोक्याशी कंदील लागतो, डॉड."

"कुठून आणणारेस कंदील? दुकानातून?" डॉडनं चहाचा कप स्वतःच भरून घेतला. "बेथिया, तुला वाईट वाटेल, पण कुणीतरी सांगायला हवं. विझला तुमचा कंदील. गिडियनबरोबर संपला. आता गाजरानं धरलं तर गिडियन काही उठून बसणार नाही."

"उठून बसेल," बेथिया म्हणाली. "तुला ठाऊक नाही तो."

डॉड हसला, मग त्याचेच डोळे भरले. माणूस वाईट नव्हता. पण विझला म्हणाला ते बेथियाच्या जिव्हारी लागलं. "शुक्रवारी सांगते," म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं.

तो गेला आणि पाठोपाठ डेलरोझ आली.

डेलरोझबद्दल सांगायला हवं. गिडियनला झटका आल्यावर त्याचं सगळं करायला सकाळ-संध्याकाळ बाई येऊ लागली, ती ही. चाळिशीची, काळी, उंच, जमैकाची. पहिल्याच दिवशी गिडियननं तिला विचारलं, "नाव काय तुझं, पोरी?"

"डेलरोझ काउई."

"कुठली?"

"जमैका. वेस्टमोरलंड."

"अगं, गाव नाही विचारलं. काउई कुठली? गाजर, बदक, लॅटिन?"

"आमच्याकडे नुसत्याच असतात, मिस्टर गिडियन."

"आणि आमचं आडनाव तुमच्याकडे कसं गेलं म्हणे?"

ती त्याच्या मांडीवर शाल नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचंच कुणीतरी येऊन टाकून गेलं. आम्ही काही मागायला आलो नव्हतो."

बेथिया तिथेच होती. तिचा पारा चढला. तिनं त्याच दुपारी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेला फोन करून दुसरी बाई पाठवा म्हणून सांगितलं. ते कळल्यावर गिडियन जमलं तेवढा, अर्धा उठला आणि म्हणाला, "ती गेली तर मीही जातो, मग बसा कार्डं लिहीत."

डेलरोझ राहिली. आणि गिडियनच्या डोक्यात तो भुंगाही राहिला. आठवडाभर तो वाद घालत होता. "आमच्यात कुणाकडे उसाचे मळे आणि त्यावर राबायला गुलाम घेण्याइतके पैसे होते? शिडाचं कापड उधारीवर आणायचे."

"असेल," डेलरोझ म्हणायची आणि त्याची दाढी करायची.

"तरीपण एखादा गेला असेल, म्हणतेस?"

"नाव आपण होऊन पोहत येत नाही, मिस्टर गिडियन."

गिडियननं बराच वेळ विचार केला. "मग तो गाजर असणार," म्हणाला. त्यावर डेलरोझ इतकी हसली की तिला वस्तरा खाली ठेवावा लागला.

पण मग तो दोन दिवस जेवला नाही नीट. सूप आणलं, धुरी दिलेला हॅडॉक मासा घातलेलं, त्याच्या आवडीचं, तरी वाडगा तसाच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कंदीलही असू शकतो. आणि दुसऱ्याच कुठल्या काउई घराण्यातलाही असेल, ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही. कधी कळायचं नाही, नाही का?"

"नाही कळायचं."

"परत करता आलं असतं, तर केलं असतंस? नाव?"

डेलरोझनं वाडगा बाजूला सारला. "नाही. माझ्या आजीनं डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं बाजार केला. लोक म्हणायचे, मिस काउईचे आंबे घ्या, मिस काउई फसवत नाही. त्या नावाला आता आमचा घाम लागलाय. ज्यानं टाकलं त्यानं येऊन ओळखून दाखवावं."

गिडियन उजव्या हातानं तिचा हात थोपटत राहिला. बेथिया चुलीशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिला राग आला. डेलरोझचा नाही, तसा म्हणायला डेलरोझचाच. सत्तर वर्षांत भाऊ आपल्याशी असं कधी बोलला नाही, हा राग होता. मनातल्या मनात तिला तेही ठाऊक होतं.

तर ती डेलरोझ आता दारात उभी होती, हातात आल्याचा केक. डोळे सुजलेले.

"आमच्याकडे नऊ रात्री जागवतात, मिस बेथिया. गातात, खातात. इथं ते जमणार नाही म्हणून निदान केक आणला." मग जरा घुटमळली. "शनिवारी मी वर दफनाला आले तर चालेल का? मागे उभी राहीन."

"ये की," बेथिया म्हणाली. "गावच येणार आहे."

डेलरोझनं मान हलवली आणि गेली. दार लागल्यावर बेथियाला आपल्याच शब्दांची शिसारी आली. तीन वर्षं जिनं भावाचं हगणंमुतणं काढलं, तिला आपण गावात ढकलून दिलं. तिनं केकचा तुकडा कापला. चांगला होता. त्याचाही तिला राग आला.

शुक्रवारी सकाळी ती काठी टेकत नेटाच्या दुकानात गेली. नेटा काउई, लॅटिन, लहानपणापासूनची मैत्रीण. शनिवारच्या चहासाठी हॅम हवं होतं.

"दूध आहे ना तुझ्याकडे?" नेटा हॅम कापता कापता म्हणाली. "काल कंदील घेऊन गेली, ते तुझंच ना?"

"कोण कंदील? मी कुठं आले होते काल?"

नेटाचा हात थांबला. चेहरा हॅमच्या रंगाचा झाला.

"नेटा, काय विचारते मी?"

"अगं, ती. डेलरोझ."

"तिला कंदील कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, बेथिया. दोन वर्षं झाली." नेटानं सुरी खाली ठेवली. "काउई आहे ती. नुसतं काउई म्हणून कसं चालेल? पोस्टमननं तिचं टपाल तीनदा बदकांकडे टाकलं. मग लोक म्हणायला लागले, ती गिडियनकडची, कंदिलांकडची. मग कंदीलच. कडाक्याच्या थंडीतल्या रात्री, तिची ठरलेली वेळ संपून गेली तरी गिडियनच्या खिडकीत दिवा दिसायचा. आम्हाला कळायचं, पोरगी अजून बसलीय."

"आणि मला कुणी विचारलं नाही?" बेथियाचा आवाज चढला. "माझ्या पणजोबांचं नाव वाटून टाकलंत, मिठाईसारखं, आणि मला विचारलं नाही?"

"ते विचारून कधी ठेवतात? तुझ्या पणजोबांना विचारलं होतं? आणि त्यांचं नाव का पडलं ते तू पाहुण्यांना सांग, मला नको सांगूस."

बेथियानं काउंटरवरची पिशवी उगीचच सरळ केली.

"गिडियनला माहीत होतं?"

"त्यालाच पहिल्यांदा माहीत. डेलरोझ त्याला चाकाच्या खुर्चीतून धक्क्यावर घेऊन आली होती, तेव्हा डॉडच्या पोरीनं त्याच्या देखत तिला तशी हाक मारली. खोकला लागेपर्यंत हसला." नेटानं पदर असता तर डोळ्याला लावला असता, नव्हता म्हणून बाही लावली. "म्हणाला, बेथियाला सांगू नका. ती माझ्यासारखीच आहे, उशिरा पोचते, पण पोचते. तिचं तिला पोचू दे."

बेथियानं हॅम घेतलं, पिशवीत टाकलं आणि बाहेर पडली. घराकडे वळायच्या ऐवजी बंदराच्या भिंतीशी गेली आणि बाकावर बसून पोटभर रडली. मंगळवारपासून ती रडली नव्हती. समुद्राकडे तोंड करून रडलं की गाव बघत नाही, बघितलं तरी वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणतं. तेवढी सभ्यता आहे आमच्यात.

रडून झाल्यावर डोकं जरा हलकं झालं. कंदील आहे. दुकानातून आणावा लागला, डॉड म्हणाला तसाच, पण आहे. कार्डावर लिहायचं आणि झालं.

आणि उठता उठता तिला वाटलं, असं कसं झालं? एक नाव त्या मुलीच्या माणसांवर कुणीतरी न विचारता टाकलं. दुसरं आपल्या गावानं न विचारताच टाकलं. आता मीही उठून शनिवारी भर गावासमोर ते तिच्या गळ्यात मारू? ज्यानं पहिलं टाकलं, तोही स्वतःला भला माणूसच समजत असेल.

डेलरोझ बेकरीच्या वर खोली घेऊन राहायची. बेथिया तो जिना कधी चढली नव्हती. चढली. दोनदा थांबावं लागलं. दार उघडून डेलरोझनं तिला पाहिलं आणि आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी आणलं.

"मला एक विचारायचंय," बेथिया म्हणाली. "आमच्यात हे विचारत नाहीत. मला वाटतं, मीच पहिली. गाव तुला कंदील म्हणतं, ते तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तुला ते हवंय का?"

बेथियानं पिशवीतून कार्ड काढलं. त्यावर तिनं बाकावरच पेन्सिलीनं लिहिलं होतं: एक, काउई, कंदील.

"गिडियनचं डोकं धरायला कंदील हवा. मला धरवत नाही. तू हवीस. पण नाव तुला नको असेल तर नको. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तो माझा प्रश्न."

डेलरोझनं कार्ड घेतलं आणि दोन्ही हातांत धरून वाचलं. "तीन वर्षं मला वाटायचं, तुम्हाला मी डोळ्यांसमोर नकोय."

"नकोच होतीस," बेथिया म्हणाली. "तो तुझ्याशी बोलायचा. माझ्याशी नुसता भांडायचा."

"तुमच्याबद्दलच बोलायचा, मिस बेथिया. लहानपणी तुम्ही त्याला मातीचा केक करून खायला घातला होता, ते मी शंभर वेळा ऐकलंय." मग तिनं डोळे पुसले. "मी लगेच हो म्हणत नाही. वाईट वाटून घेऊ नका. नाव घ्यायचं म्हणजे मला आईला विचारायला हवं."

"विचार. शनिवारी आलीस तर कार्ड घेऊन ये. नाही घेतलंस तरी चहाला ये. हॅम आहे."

शनिवारी वारं पडलेलं होतं, आमच्याकडे तेही नवलच. वरच्या दफनभूमीत गाव जमलं. जिकडे बघाल तिकडे दगडांवर काउई, काउई, काउई, आणि त्याखाली बारीक अक्षरात गाजर, बदक. बेथिया काठीवर रेलून खड्ड्याशी उभी. मागे वळून बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. डॉड शेजारी आला आणि पुटपुटला, "मग? कोण?"

"कळेल."

"बेथिया, वेळ आली तर मी आहे. गाजर तर गाजर."

"माहीत आहे रे," ती म्हणाली आणि तिनं त्याची बाही धरून ठेवली.

अंत्यविधीवाले मिस्टर टलॉक दोऱ्यांचे नंबर मोठ्यानं पुकारू लागले. दोन, डॉड काउई, गाजर. डॉड पायाशी जाऊन उभा राहिला. तीन, चार, पाच. एकेक माणूस पुढे होऊन आपापली दोरी उचलत होता. आठपर्यंत झालं. मग टलॉकनं घसा खाकरला.

"एक. काउई, कंदील."

कुणी हललं नाही. डॉडनं मान वर केली. पाद्रीबुवांनी पुस्तकातून डोळे काढले. ती पहिली दोरी शवपेटीवर गुंडाळलेली तशीच पडली होती. बेथियाला वाटलं, नाही म्हणाली. बरोबरच आहे. मी विचारलं, ती नाही म्हणाली. विचारण्याचा अर्थच तो. आणि हे कळूनही तिनं मागे वळून पाहिलं.

मग मागून गर्दी बाजूला सरली. डेलरोझ आली. अंगावर काळा झगा आणि डोक्यावर केवढी तरी मोठी काळी टोपी, चर्चची घंटा झाकली जाईल अशी. हातात कार्ड. दोरी न उचलता ती सरळ बेथियासमोर येऊन उभी राहिली.

"आई म्हणाली, घे. पण आधी विचार म्हणाली. एक नाव आपण कुठून आलं ते न विचारता वापरलं, ह्या वेळी विचारून घे. कंदील कसं पडलं, मिस बेथिया?"

"सांगते ना. चहाच्या वेळी."

"आत्ता."

बेथियानं इकडेतिकडे पाहिलं. सगळं गाव जमिनीकडे बघत होतं. नेटा तर बुटाच्या नाडीत काहीतरी शोधत होती. ताफा सुखरूप आणल्याची गोष्ट बेथियाच्या ओठांवर आली. वर्षानुवर्षं तीच आली होती. पण समोर पेटीत गिडियन होता. आणि गिडियन हसला असता.

"माझ्या पणजोबांच्या भावाची बोट एका वादळात परत आली नाही," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आल्या, त्याची नाही. पणजोबा धक्क्यावर कंदील घेऊन उभे राहिले. रात्रभर. भाऊ संध्याकाळीच पलीकडच्या बंदरात लागला होता आणि तिथे दारू पीत बसला होता. सकाळ झाली, सूर्य वर आला, लोक कामाला लागले, तरी हे कंदील पेटवून उभेच. लोक म्हणाले, अहो, विझवा आता. विझवेनात. दुपारी भाऊ डुलत डुलत आला, तेव्हा विझवला. ताफाबिफा काही नाही. गाव हसलं आणि नाव पडलं."

पलीकडून कुणीतरी हसू दाबलं. मग डॉडच मोकळेपणानं हसला आणि सगळे हसले, पाद्रीबुवासुद्धा. दफनात इतकं हसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

डेलरोझ मात्र हसली नाही. "म्हणजे वाट बघणारा," म्हणाली.

"हो. मूर्खासारखी."

"हे चालेल मला," डेलरोझ म्हणाली, आणि तिनं वाकून पहिली दोरी उचलली.

पेटीखालच्या फळ्या काढल्या. वजन दोऱ्यांवर आलं. डेलरोझनं हे कधी केलं नव्हतं. पायाशी उभा राहून डॉड तिच्याकडे डोळे लावून हळूच सांगत होता, बोटीवर नव्या खलाशाला सांगावं तसं. "हळू. थोडी सोड. माझ्याबरोबर ये, कंदील. आणखी थोडी. शाबास." त्याच्या तोंडून ते नाव इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच कळलं नाही. पेटी सरळ उतरली, कुठंही न आपटता. गिडियनला आपटणं खपलं नसतं.

तळाशी टेकल्यावर सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या आत सोडल्या. सात दोऱ्या पेटीवर पडल्याचा मऊ आवाज झाला. डेलरोझची नाही पडली. ती दोन्ही हातांत दोरी घट्ट धरून, वाकून, खाली बघत उभी होती. टलॉकनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग नाही पाहिलं.

बेथिया काठी टेकत गवतावरून तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या मुठींवर आपला हात ठेवला. हात गार पडले होते.

"सोड आता, कंदील," ती म्हणाली. "तो केव्हाचा पोचलाय."